खांबाकडची बोली

लिलाव संपला की कोणी हातोडी आपटतं, कोणी घंटी वाजवतं, कोणी नुसतंच "गेला, गेला, गेला" म्हणून घसा फोडतं. बोलीमावशी यातलं काहीच करायची नाही. ती डोळा मारायची.

सकाळी फळबाजाराच्या मोठ्या शेडमध्ये घाऊक खरेदीदार अर्धगोल करून उभे असत. मधे मालाच्या पेट्या, आणि पेट्यांच्या पलीकडे लाकडी चौथऱ्यावर मावशी. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, एक पाय उलट्या क्रेटवर ठेवलेला, आणि आवाज असा की पत्र्याखाली बसणारी कबुतरं रोजच्या रोज नव्याने दचकायची. भाव चढायचा, चढायचा, कुठेतरी अडायचा. अडला की मावशी शेवटच्या बोलीवाल्याकडे बघून डावा डोळा मिचकावायची. साधासुधा नाही. डावा गाल पार कानाशी जायचा, ओठाचा कोपरा वर, भुवई खाली. झालं. माल विकला. त्या डोळ्यापुढे ना अपील, ना घासाघीस.

खरेदीदारही काही कमी नव्हते. तोंडाने बोली लावणं त्या शेडमध्ये अडाणीपणाचं समजत. शेजाऱ्याला कळलं की आपल्याला माल हवाय, तर शेजारी मुद्दाम भाव चढवणार. त्यामुळे ज्याची त्याची खूण. कोणी नाक चोळायचं, कोणी भुवई उडवायचं, रसाचं दुकान चालवणारा रसवाला पोटावरून हात फिरवायचा. मावशी चौथऱ्यावर उभी राहून या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या सगळ्या नाकाकानांवर एकाच वेळी नजर ठेवायची. "माझी नजर म्हणजे माशीची नजर," ती म्हणायची. "मागून आलात तरी दिसाल."

एकदा तिच्या डाव्या डोळ्यावर रांजणवाडी आली. डोळा सुजून लिंबू झाला. तेव्हा तिने उजव्या डोळ्याने माल विकायला घेतला, पण उजवा डोळा तिला एकट्याने मिटताच येईना. उजवा मिटायला गेली की दोन्ही मिटायचे, नाक आक्रसायचं, आणि चेहरा चुलीत पडलेल्या वांग्यासारखा व्हायचा. पहिल्याच दिवशी द्राक्षांच्या एकाच ढिगावर दोघांनी हक्क सांगितला. "माझ्याकडे बघून वांगं केलं!" "अरे जा, माझ्याकडे बघून केलं!" शेवटी रांजणवाडी बरी होईपर्यंत मावशीने भांड्यावर चमचा आपटून काम भागवलं.

तिचा नवरा शाळेच्या कँटीनमध्ये आचारी. बाजार त्याला काका म्हणायचा. लग्नाआधी तो एकदा कँटीनसाठी फळं बघायला आला होता. नुसतं बघायलाच. चौथऱ्यावरच्या त्या खणखणीत पोरीकडे तोंड उघडं टाकून बघताना त्याच्या डोळ्यावर ऊन आलं, म्हणून त्याने हात वर केला, आणि पोरीने डावा डोळा मारला. काकांच्या नावावर दोन हातगाड्या भरून पिकून उतरलेली पेअर्स आली. शाळेतली पोरं पुढे आठवडाभर पेअर्सचा मुरंबा खात होती, आणि काका त्यानंतर बाजाराची वाट विसरले नाहीत. "मी डाव्या डोळ्यावर विकला गेलेला माणूस आहे," असं ते कोणालाही सांगायचे. ऐकणाऱ्याने विचारलं नसलं तरी.

अशा या मावशीवर म्हातारपणाच्या उंबऱ्याशी पक्षपाताचा आळ आला.

आळ घेतला खांबवाल्याने. शेडच्या एका टोकाला, मावशीच्या डाव्या हाताला, पत्रा तोलणारा एक लोखंडी खांब होता. या व्यापाऱ्याची पाठ दुखायची म्हणून तो तरुणपणापासून त्या खांबाला टेकून उभा राहायचा, आणि बोली लावायची झाली की कानाची पाळी चिमटीत धरायचा. बास, एवढंच. मावशी आणि तो एकाच वर्षी बाजारात आले, एकमेकांना अरेतुरे करत म्हातारे झाले. पण गेल्या वर्षभरात काय झालं कोण जाणे, खांबवाला कान धरधरून लाल करायचा आणि मावशी माल मधल्या कोणालातरी देऊन मोकळी व्हायची.

आधी त्याने चेष्टा केली. "मावशे, मी पण खांब झालो का गं? रंग देऊन ठेव म्हणजे गंजणार नाही."

"बोली लावली असतीस तर दिसली असती," मावशी म्हणाली.

"लावली होती."

"नव्हती."

"अगं कान तुटायचा राहिलाय माझा!"

"मग तोडून हातात घे आणि हलव!"

शेड खो खो हसली. पण हे पुन्हा झालं, पुन्हा पुन्हा झालं, आणि हसू कमी होत गेलं. उजव्या टोकाला उभे राहणारे दोघे भाऊ मुकाट्याने सरकून मधे आले. खांबवाला सरकला नाही. पाठीचं दुखणं होतंच, त्यात आता हट्टाची भर. एक दिवस चांगल्या संत्र्यांचा माल रसवाल्याला गेला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मधल्यांशी संधान बांधलंय हिने. टोकाच्या माणसाचा माल मधे जातो तो काय फुकट जातो?"

मावशी चौथऱ्यावरून खाली उतरली. तिच्या आयुष्यात कोणी तिला खोटं म्हटलं नव्हतं. आवाजाला नावं ठेवली, वजनाला ठेवली, स्वयंपाकाला तर ठेवण्यासारखीच होती, पण तिच्या डोळ्याला कोणी बोट लावलं नव्हतं. घरी जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला, तेव्हा तिने चौकटीला शिव्या दिल्या.

चौकटी तिला तसंही फार आपटत होत्या हल्ली. काका चहा बाजूला ठेवायचे तर तिचा कोपर लागून कप खाली. चष्मा बदलून झाला, तो बदललेलाही बदलून झाला. सगळ्याचं खापर गुडघ्यावर फुटायचं. उभं राहून राहून तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता, चालताना झोक जायचा, म्हणून माणूस आपटणारच, असं घरादाराने ठरवून टाकलं होतं. अधूनमधून डोकं दुखायचं, तेही गुडघ्याच्याच खात्यावर.

तक्रार बाजारप्रमुखांपर्यंत गेली. ते मवाळ माणूस. म्हणाले, "मावशी, गुडघा बदलून घ्यायचा म्हणत होतात ना, घ्या बदलून. तोवर चौथऱ्यावर दुसरा माणूस उभा करतो. परत आल्यावर बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू हो."

गुडघ्याच्या ऑपरेशनला मावशी घाबरली नाही. तिला ते "बघू" टोचत राहिलं. चौथरा जाणार, आणि जाताना खोटी म्हणून जाणार.

गुडघा छान बसला. पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं, त्यामुळे ऑपरेशनभर ती जागी होती आणि डॉक्टरांना विचारत होती, "ठोकताय की कापताय? आवाज सुताराचा येतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून चार पावलं टाकली. सिस्टर म्हणाली, "अरे वा!" आणि त्या "अरे वा"वरच मावशीने एकदम डोकं धरलं.

"काय झालं?"

"डोक्यात कोणी पेटी आपटली," मावशी म्हणाली. आणि पलंगावर बसता बसता ओकली.

आता इथे नणंदेची ओळख करून दिली पाहिजे. काकांची ही धाकटी बहीण आधीच दोन्ही गुडघे बदलून बसलेली, त्यामुळे गुडघा या विषयावर तिच्यापुढे सर्जनचंही काही चालायचं नाही. ती सोबतीला आली होती. "काही नाही गं वहिनी," ती म्हणाली. "पाठीत सुई दिली की डोकं दुखतंच. मला तर असं दुखलं होतं, असं दुखलं होतं, की मी ह्यांना ओळखलं नाही."

"मग काय केलंस?"

"काही नाही, आडवी पडले. बरं वाटलं. ओळखलं नाही म्हणून पण बरंच वाटलं."

राउंडला आलेले डॉक्टरही तेच म्हणाले. पाठीच्या सुईनंतर असं डोकं दुखू शकतं. आडवं राहा, पाणी प्या, सलाइन लावतो, रक्त तपासायला पाठवतो, संध्याकाळपर्यंत नाही थांबलं तर पुढचं बघू. पुन्हा "बघू" ऐकून मावशीने भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी भेटायची वेळ झाली आणि अर्धा फळबाजार वॉर्डात घुसला. रसवाला सर्वात पुढे. प्रत्येकाच्या हातात फळांची पिशवी. फळवाल्याने फळवालीला फळं आणावी यात काही अर्थ नाही, पण दुसरं आणणार काय. मावशी उशीला टेकून बसली. चेहरा पांढरा पडला होता, आवाज खोल गेला होता, तरी बोलली, "केळी कुणी आणली? लांबूनच कळतंय, डाग पडलेत. मला खपवताय होय रे?"

हशा झाला. तेवढ्यात मावशीचा एक डोळा मिटला.

"विकलं!" रसवाला ओरडला. "ऐका हो, माझ्याकडे बघून मारलाय! मावशी मला विकली गेली, पलंगासकट!"

"घेऊन जा," काका म्हणाले. "परत मात्र घेणार नाही."

"रस निघेल का पण हिचा?"

"आयुष्यभर माझा काढलाय तिने, उलटा थोडाच निघणार!"

वॉर्ड हसला, शेजारच्या पलंगावरची बाई टाके धरून हसली. या सगळ्यात मागून एक माणूस आला होता. खांबवाला. पलंगाच्या डाव्या अंगाला कपाट होतं, त्याला टेकून तो संत्र्यांची पिशवी छातीशी धरून उभा राहिला. मावशी एकदा आपल्याकडे बघेल, मग काहीतरी बोलू, असा त्याचा बेत. मावशीने बघितलं नाही. हातभर अंतरावर उभ्या माणसाकडे तिने मानसुद्धा वळवली नाही. थोडा वेळ थांबून त्याने पिशवी कपाटावर ठेवली आणि तो निघून गेला. काकांनी त्याला जाताना पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याची पाठ बघून मिटलं.

मंडळी पांगली. मावशीचा डोळा अजून मिटलेलाच होता.

"पुरे आता," काका म्हणाले. "गेले सगळे. कोणाला विकतेयस?"

"काय?" मावशी म्हणाली. "अहो, तुम्ही दोन का दिसताय?"

काका हसायला गेले आणि हसू अर्ध्यात राहिलं. त्यांनी वाकून बघितलं. मिटलेला डोळा उजवा होता. आणि गाल जागचा हललेला नव्हता. नाक आक्रसलेलं नव्हतं. वांगं झालेलं नव्हतं. एकट्या उजव्या पापणीचं शटर कोणीतरी जेमतेम फट ठेवून खाली ओढावं तशी ती पडली होती, आणि बाकीच्या चेहऱ्याला त्याची खबरच नव्हती.

काका धावत गेले. "सिस्टर, हिचा डोळा बघा हो."

"मघाशी मलाही मारला त्यांनी," सिस्टर हसत म्हणाली. "मी म्हटलं, चला, हुशारी आली."

"हिला उजवा मारता येत नाही."

"म्हणजे?"

"नाही येत! डावाच येतो. मी डाव्यावर विकला गेलेला माणूस आहे हो, मला नाही कळणार?"

हे विकण्याचं प्रकरण सिस्टरला कळलं नाही, पण काकांचा चेहरा कळला. ती टॉर्च घेऊन आली. "मावशी, दोन्ही डोळे उघडा बघू." डावा उघडला, उजवा पडलेलाच. सिस्टरने बोटाने पापणी उचलली. आतलं बुबुळ बाहेरच्या बाजूला गेलेलं, मधली काळी बाहुली मोठी झालेली. टॉर्च मारला तरी आकसेना. सिस्टरचं हसू गेलं, आणि तिने जागेवरूनच फोन लावला.

आली ती ठेंगणी, चटपटीत डॉक्टरीणबाई. सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट तिच्या हातात होता, त्यात अंगातलं मीठ, म्हणजे सोडियम, उतरलेलं होतं, आणि ती तशीही वरच यायला निघाली होती. तिने खुर्ची मावशीच्या अगदी समोर ओढली. "मावशी, माझ्या नाकाकडे बघायचं. नाक सोडायचं नाही. मी बाजूने बोटं हलवत आणीन. दिसली की सांगायचं."

एक डोळा झाकून डॉक्टरीणबाईने हात लांब नेला आणि बोटं हलवली.

"सांगा."

"काय सांगू? आणा की बोटं."

"आणली आहेत."

"कुठे?"

हात हळूहळू आत येत गेला. जवळपास नाकाशी आला तेव्हा मावशी म्हणाली, "हां, आली." दुसऱ्या बाजूलाही तीच गत, तिथे तर पापणी बोटाने वर धरून बघावं लागलं. मधलं सगळं स्वच्छ, दोन्ही टोकं अंधारी. घोड्याला झापडं लावतात तशी.

काका डॉक्टरीणबाईच्या मागे उभे होते. तिचा लांब केलेला हात त्यांना दिसत होता. चौथऱ्यावरून बघितलं तर त्या हाताच्या जागी कोण उभं असतं, हे त्यांना एकदम दिसलं.

"खांब," ते म्हणाले.

"काय खांब?" मावशी म्हणाली.

"अगं, तुला खांब दिसतच नव्हता!"

मावशीच्या मिटलेल्या डोळ्यातून आणि उघड्या डोळ्यातून एकदमच पाणी आलं. डॉक्टरीणबाई घाबरली. "फार दुखतंय का?"

"डोकं फुटतंय," मावशी म्हणाली. "पण मी खोटी नव्हते हो. वर्षभर तो कान धरत होता आणि मी त्याला खोटा म्हणत होते, तो मला खोटी म्हणत होता, आणि दोघं पण खरे!" मग नाक पुसून म्हणाली, "दुखू दे आता काय दुखायचं ते."

"दुखू कसं देऊ?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "चला, स्कॅनला."

स्कॅनमध्ये सापडलं ते असं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या थेट मागे, पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. अंगातल्या बाकीच्या ग्रंथींना कामाला लावणारी ही मुकादमीण. मावशीच्या त्या वाटाण्यावर कितीतरी वर्षं एक गाठ चोरपावलांनी वाढत होती. कॅन्सरची नाही, साधी. पण वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे ती टेकली होती, म्हणून दोन्ही टोकांची नजर गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनचा ताण, रक्तदाबाचं वरखाली, आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं रक्त पातळ करायचं औषध, या सगळ्यात त्या गाठीत रक्तस्राव झाला आणि गाठ अचानक फुगली.

"म्हणजे गुडघ्याने केलं," नणंद म्हणाली. तिला गुडघ्याचा मान सोडवत नव्हता.

"गुडघ्याचं निमित्त झालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "एरवी आणखी वर्षभर चौकटी आपटत राहिल्या असत्या." पापणी उचलणारी नसही दाबली गेली होती. आणि ग्रंथीने अंगात जोर राखणारा रस बनवायचं थांबवलं होतं, म्हणून ती ओकत होती, गळून गेली होती. तो रस लगेच सलाइनमधून सुरू केला. तो दिवस संपायच्या आत मावशीचा आवाज पलंगाच्या पायथ्यापर्यंत पोचायला लागला.

"उद्या सकाळी गाठ काढू," डॉक्टरीणबाई म्हणाली. "नाकातून."

"नाकातून?" मावशी म्हणाली. "गुडघा दुखला म्हणून आले, डोकं दुखायला लागलं, डोळा मिटला, आता नाकात शिरणार. कान तेवढे सोडलेत, ते खांबवाल्याचे धराल."

"डोळ्यांवरचा दाब निघेल. नजर बहुतेक परत येईल. किती येईल, ते आत्ता सांगता येणार नाही."

"टोकाची येईल?"

"मधली वाचवायची आहे आधी."

डॉक्टरीणबाई गेल्यावर मावशी काकांना म्हणाली, "अहो, त्याला घेऊन या. उद्या काय दिसेल, काय नाही. आज मधे तरी दिसेल."

काका बाजारात गेले आणि खांबवाल्याला घेऊन आले. वाटेत त्याला सगळं सांगितलं होतं, तरी तो आत येऊन सवयीने डाव्या अंगाच्या कपाटालाच टेकला. काकांनी खांदे धरून त्याला पलंगाच्या पायथ्याशी आणून उभं केलं.

"दोन दिसतोयस," मावशी म्हणाली. "एकाने पुरत नव्हतं का रे?"

खांबवाला पायांकडे बघत म्हणाला, "मी मघाशी येऊन गेलो. मला वाटलं तोंड फिरवलंस."

"मेल्या, तोंड फिरवायला आधी माणूस दिसावा लागतो! ती संत्री तू आणलीस?"

"हो."

"मी वन्संना बोलले. म्हटलं, ही आंबट संत्री कोणी गळ्यात मारली तुमच्या."

"आंबट नाहीत."

"आंबटच आहेत. तोंडाला चव नसलेल्या माणसाला कळलं."

खांबवाला आता वर बघायला लागला. "मी चारचौघांत बोललो, मावशे. तसं बोलायला नको होतं."

"आणि मी काय ओवाळत होते तुला? कान तोड म्हटलं."

"नजर नाही आली तर?" त्याने विचारलं. काकांनी त्याला कोपराने ढोसलं, पण मावशीला तोच प्रश्न हवा होता बहुतेक. बाकी सगळे "होईल बरं, होईल बरं" म्हणत होते.

"नाही आली तर चौथरा गेला," ती म्हणाली. "टोकाच्या माणसाची बोली न दिसणारी बाई कशाला उभी राहील तिथे? मी पण नाही राहणार."

"मी ओरडून बोली लावीन."

"तू? तुझा आवाज बनियनच्या बाहेर पडत नाही."

"मग मधे येऊन उभा राहतो. स्टूल आणतो घरून."

"खांब सोडलास तर तंगडी मोडीन," मावशी म्हणाली. "गुडघा बदलून मिळतो म्हणून सांगते."

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, पण नाक असं गच्च भरलं की बाजार हलवणारी मावशी बरेच दिवस पिंपात बोलल्यासारखी बोलत होती. शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, आणि ओरडायचं तर मुळीच नाही. काकांना हे दिवस फार आवडले. "आपण हळू पण भांडू शकतो, हे इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं," ते म्हणाले. मुकादमीण ग्रंथी पूर्वीसारखी राबणार नव्हती, म्हणून रोजच्या गोळ्या आयुष्याच्या झाल्या. ताप आला, ओकारी झाली तर गोळी चुकवायची नाही, उलट वाढवायची आणि डॉक्टरांकडे पळायचं, हे डॉक्टरीणबाईने काकांकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. काकांनी गोळ्यांचा डबा मिठाच्या डब्याशेजारी ठेवला. मीठ ते कधी विसरले नव्हते.

पापणी मात्र आळशी निघाली. रोज सकाळी काका आरसा धरायचे आणि मावशी बघायची, आज किती. आधी फट, मग अर्धी, मग पाऊण. दोन काकांचा एक काका झाला तेव्हा ती म्हणाली, "दुसराच बरा होता." बाजूची नजरही येत गेली. दाराच्या चौकटी आपटायच्या थांबल्या. पण पार टोकाला, डाव्या अंगाला, धुरकट काच लावल्यासारखी एक पट्टी राहिली. मशीनवर तपासून डॉक्टरीणबाई म्हणाली, "एवढी बहुतेक राहील. मान वळवायची सवय लावून घ्या."

मावशीने सवय लावली. घरात स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून ती टेबलफॅनसारखी मान फिरवायची. या टोकाला कणकेचा डबा, त्या टोकाला काका. काकांनी कान धरायचा, नाक चोळायचं, आणि मावशीने ओळखायचं. नणंद एकदा दारात आली, हे बघितलं, आणि आल्या पावली परत गेली.

बाजारप्रमुखांनी एक लिलाव देऊ केला. संत्र्यांचा. "एवढा पुकारा. मग बघू."

"तुम्ही बघू म्हणू नका," मावशी म्हणाली. "बघायचं काम माझं."

त्या सकाळी शेडमध्ये खरेदीदारांपेक्षा बघेच जास्त होते. काका कँटीन सोडून आले होते, रिकाम्या पेटीवर बसले होते. मावशी नव्या गुडघ्याने चौथरा चढली. जुना पाय क्रेटवर ठेवला. घसा खाकरला. पहिल्या आरोळीला कबुतरं उडाली, आणि शेडमधल्या दोघातिघांनी नकळत टाळ्या वाजवल्या.

भाव सुरू झाला. मान फिरत होती. या टोकाकडून त्या टोकाकडे, परत या टोकाकडे. त्या दोघा भावांपैकी एकाची भुवई उडाली, मावशीने भाव चढवला. रसवाल्याने पोटावरून हात फिरवला, चढवला. कोणीतरी नाक चोळलं, चढवला. पुन्हा रसवाल्याचं पोट. भाव चांगलाच वर गेला, या संत्र्यांना झेपेना इतका. शेड शांत झाली. मावशीची मान फिरत फिरत धुरकट पट्टीच्या पलीकडे गेली आणि तिथेच थांबली.

खांबाला टेकलेल्या माणसाच्या चिमटीत कानाची पाळी होती.

मावशीने भाव आणखी एक पायरी चढवला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रसवाल्याने पोट सोडून दिलं. मग ती पूर्ण वळली, खांबाकडे तोंड केलं, आणि डावा डोळा मारला. गाल कानापर्यंत गेला. उजवी पापणी अजून थोडी आळशी होती, तीही सोबत अर्धी खाली आली, पण डोळा कुठला हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"विकलं!" सगळी शेड ओरडली. बाजारप्रमुखांनी मान डोलावली, आणि "बघू" म्हणाले नाहीत.

खांबवाला मात्र खांब सोडून चार पावलं पुढे आला होता. "अगं ए मावशे! मी बोली लावली नव्हती!"

"लावलीस. कान धरला होतास."

"अगं चावलं काहीतरी! खाजवत होतो मी!"

"चिमटीत धरून?"

"मग काय नांगराने खाजवू?"

"ते मला माहीत नाही," मावशी म्हणाली. "आता मला दिसतं. खाजवायचं तर घरून खाजवून येत जा."

खांबवाल्याने संत्र्यांच्या ढिगाकडे बघितलं. वरच्या पेटीतलं एक संत्रं उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली. तोंड वाकडं झालं. त्याने काकांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" काका पेटीवरून उठत म्हणाले. "मी नुसता ऊन लागलं म्हणून हात वर केला होता."

खांबवाला हसला. मग कान चोळत आपल्या हमालाला हाक मारायला वळला, आणि मावशीने पुढची पेटी उघडायला सांगितली.